दोरीला लागलेले हात

माझा पाय व्हरांड्याच्या खांबाला बांधलेला होता आणि माझा परकर ओला झाला होता.

उभ्यानेच झालं. पुष्कळ वेळ आवरून धरलं होतं. "बाई, माका भायर जावचा आसा," म्हणून हाका मारून घसा बसला होता. आमच्यावर नेमलेल्या बाई आतल्या खोलीत चहा पीत होत्या. कपबशीचा आवाज मला येत होता, म्हणजे माझाही आवाज आत जात होता. मग पोटरीवरून गरम ओघळ आला, दोरी भिजली, लादीवर थारोळं झालं. बाई बाहेर आल्या. पदर नाकाला लावला. समोर रांगेत बसून काथ्या वळणाऱ्या पोरींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "गाबतीण ना ही! पाण्यातली जात. कोरड्यात कसा जीव रमेल?"

पोरी हसल्या. मी त्यांना दोष देत नाही. जी हसली नसती तिच्याकडे बाईंनी बघितलं असतं. बाईंनी आपल्याकडे बघू नये, एवढंच तिथे प्रत्येकीला हवं असायचं.

बाई गाठ सोडायला वाकल्या. सुटेना. काथ्याची दोरी भिजली की फुगते, गाठ आवळत जाते. बाईंचं नख तुटलं तेव्हा त्यांनी माळ्याला बोलावलं. माळ्याने कोयता आणला. पातं घोट्याजवळ आलं आणि मी डोळे मिटून घेतले. अंग असं कापत होतं की माळी म्हणाला, "हलां नको गो बाये, पाय जायत." दोरी कापली गेली. बाई हळहळल्या. दोरी चांगली होती, म्हणाल्या.

ती दोरी आम्हीच वळलेली. त्या घरात पोरींना उद्योग शिकवायचा म्हणून काथ्या वळायला लावायचे. दोऱ्या बाजारात जायच्या. एखाददुसरी घरात राहायची. ती कशासाठी, ते आम्हाला विचारावं लागायचं नाही.

सरकारी भाषेत त्याला रिमांड होम म्हणत. आमच्या वाड्यावर म्हणत, पोरांचो तुरुंग. वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही अशा जागी, कुणा व्यापाऱ्याचा जुना बंगला होता. पुढच्या अंगाला मुलगे, मागच्या अंगाला आम्ही. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची ही गोष्ट. मी बारातेरा वर्षांची असेन. आमच्यात वय कोण मोजतं!

मी तिथे कशी गेले ते सांगते. चोरी करून गेले, असं कागदावर आहे. मी चोरी केली नव्हती. मी रापण ओढली होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात गोल टाकून येते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर येतात आणि सगळा वाडा दोन बाजूंनी ओढत सुटतो. म्हातारे, बायका, पोरंटोरं. ज्याचा हात दोरीला लागला त्याचा वाटा. पोराचा हात लहान, म्हणून वाटा लहान. पण वाटा तो वाटाच. कुणी विचारत नाही, कुणी देऊ का म्हणत नाही. माझी आई सांगायची, "दोरयेक हात लावलंस म्हणजे तुजो वाटो इलो. तो तिकडे टाकून येव नको. टाकलंस तर लोकांका वाटतला, हिका आमचो राग इलो."

त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावर एका शेटची नवी रापण आली. शेट गावातले नव्हते. जाळं त्यांचं, होडी त्यांची, ओढायला रोजावर आणलेले गडी. वाटा नाही, रोज. हे मोठ्या माणसांना कळलं असेल. मला काय कळणार? दोरी वाळूवर आली, मी धावत गेले आणि धरली. कुणी हटकलं नाही. पाण्यात गुडघ्याएवढी उभी राहून ओढली. जाळं वर आलं, बांगडे उडायला लागले, तेव्हा दरवेळेसारखे माझ्या हाताच्या मापाचे घेतले, परकराच्या ओच्यात टाकले आणि घरची वाट धरली.

शेटच्या मुकादमाने मागून वेणी धरली. "चोरटी!" म्हणाला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय. त्याने वेणीला हिसका देऊन खाली पाडलं, ओच्यातले बांगडे वाळूत सांडले, तेव्हा मी त्याच्या हाताला कडकडून चावले. रक्त आलं. तेच पुढे मला भोवलं. मासे घेतले म्हणून चोर, आणि चावले म्हणून धोकादायक.

बाप मुंबईला बोटीवर खलाशी. आई एकटी कचेरीत आली. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "मासे घेतलेस?" मी हो म्हटलं. "मालकाला विचारलंस?" मी नाही म्हटलं. आई मधेच म्हणाली, "सायबानू, तेणा दोरी वडल्यान!" साहेबांनी तिला गप्प बसायला सांगितलं. आई गप्प बसली. आपल्या आईला कुणी गप्प बस म्हणावं आणि तिने बसावं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिथूनच मला भीती लागली.

रिमांड होममध्ये आल्यावर मी दोनदा फाटकाबाहेर गेले. पळायला नाही. समुद्र कुठल्या बाजूला आहे ते बघायला. कुणी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या वेळी बाईंनी खांबाला बांधलं, आणि मग त्याची सवयच झाली. त्यांना. काथ्या सैल वळला, बांध. जेवताना बोलली, बांध. रडली, बांध. रडायची थांबली की सोडतील असं वाटून मी थांबायचे. तर म्हणत, "बघा कशी निगरगट्ट झालीय!"

एकदा घराचे मोठे साहेब फेरीला आले तेव्हा मी धीर करून पाय पुढे केला. घोट्याला काळे वळ उठले होते. साहेब रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुला कुणी मारलेलं नाही. मारायला इथे बंदी आहे. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असं वाटलं, तर त्याला आवरून ठेवता येतं. तुला आवरलं आहे. हे नियमात बसतं."

मी विचारलं, "कितीवेळ?"

"इजेचा धोका टळेपर्यंत."

"तो टळलो ह्या कोण सांगतला?"

साहेब हसले. बाईंकडे बघून म्हणाले, "हुशार आहे पोर." आणि गेले. त्या संध्याकाळी हुशारीबद्दल बाईंनी मला पुन्हा आवरलं.

तेव्हापासून मी घाबरून घाबरून एवढीशी झाले. बाईंच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला की मी मान खाली घालायचे. झोपेत पाय आपोआप जवळ ओढून घ्यायचे. हाताला काथ्या लागला की वाटायचं, ही वळतेय ती माझ्यासाठीच. कधी नुसतं "ये इकडे" ऐकून मी खांबाकडे चालू लागायचे. बाई हसायच्या, "अगं, आज नाही!" पोरी हसायच्या. मीसुद्धा हसायचे. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते आणि रागही येतो.

आई यायची. भेटीचा दिवस ठरलेला होता, पण त्या दिवशी बाजार असायचा, म्हणून ती टोपली घेऊन मागच्या दाराला मासे विकायला आल्यासारखी यायची. एकदा मी खांबाला होते. मधे फक्त स्वयंपाकघर. तिचा आवाज आला, माझी चौकशी करणारा. "बाई, ताजी सुरमय आसा. माजा चेडू खंय आसा?"

बाई म्हणाल्या, "शाळेत आहे. अभ्यास करतेय. आणि हे काय, डोळे बघ माशाचे, शिळा वाटतो."

"शिळो नाय बाई. आत्ताच इलो. चेडवाक सांगा, आई येवन गेली म्हणान."

मी ओरडले नाही. ओरडलीस तर मुदत वाढवीन, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. तोंडात परकराचं टोक कोंबून उभी राहिले. आई गेली. तिची हाक रस्त्याने लांब जाताना ऐकली. म्हावरां घेवा, म्हावरां. आवाज ऐकू यायचा थांबला तेव्हा मला वाटलं, आता मी इथेच मरणार.

त्यानंतर फिलू आली. फिलोमिना. गोव्याच्या हद्दीवर पकडलेली. आईबरोबर चोरवाटेने कापड की साखर काहीतरी आणत होती. पोलीस दिसल्यावर आई पलीकडे पळाली, ही अलीकडे सापडली. माझ्याहून लहान. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तिला भेटायला यायला कुणी नव्हतं, कारण तिचं माणूस हद्दीच्या पलीकडे. आणि तिला फेपरं यायचं. आधी एका जागी नजर लागायची, ओठ चावल्यासारखे हलायचे, मग धाडकन पडायची.

आमच्या वाड्यावर फेपरं येणारा एक म्हातारा होता. त्याला सगळे काय करतात ते मी बघितलं होतं. आजूबाजूचं दूर करायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. बाईंनी ते केलं नाही. बाई म्हणाल्या, ही डोकं आपटून घेईल आणि बोल आमच्यावर येईल. म्हणून झटका यायची लक्षणं दिसली की फिलूचे हात खाटेच्या दोन्ही बाजूंना बांधायचे. झटक्यात ती हात ओढायची. मनगटं सोलून निघायची. शुद्धीवर आली की बारीक आवाजात विचारायची, "हांवें कितें केलें?" मी काय केलं? तिला खरंच वाटायचं की तिने काहीतरी गुन्हा केला म्हणून बांधलंय.

रात्री ती माझ्या चटईवर सरकून यायची. "तू माका बांदूं दिवंचें ना मगो?" मला बांधू देणार नाहीस ना, असं विचारायची. मी म्हणायचे, "भियाव नको." मीच एवढी भ्यायलेली, आणि तिला भियाव नको म्हणायचे.

मग कमिटी येणार असं कळलं. गावातली मोठी माणसं येऊन घर बघून जातात, ती कमिटी. तिच्यातल्या वकिलांचा शब्द मोठा होता. कुठल्या पोरीची वर्तणूक सुधारली, कुणाला घरी सोडायचं, ते तेच ठरवायचे. त्या दिवशी सकाळपासून लाद्या धुतल्या जात होत्या. माळी मोगऱ्याच्या माळा आणायला गावात गेला होता. आणि फिलूची नजर भिंतीवर जाऊन बसली.

बाईंच्या अंगावर नवं लुगडं होतं. त्यांना हात घाण करायचे नव्हते. त्यांनी दोरी माझ्यापुढे धरली.

"तू बांध तिला. तुम्हा लोकांच्या हातात गाठ चांगली बसते. आज नीट वागलीस तर वकीलसाहेबांना सांगेन, ही सुधारली. आईकडे जाशील."

आईकडे जाशील. हे शब्द मी रोज रात्री स्वतःशी म्हणत होते. बाईंच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकले. दोरी माझ्या नाकासमोर होती. काथ्याचा वास आला. वाळू आठवली, दोन्ही बाजूंनी ओढणारी माणसं आठवली, आई आठवली. दोरीला हात लावलास म्हणजे तुझा वाटा आला. जाळ्यात काय येईल ते तुझंही. आणि या दोरीच्या टोकाला फिलूची मनगटं होती.

मी हात पाठीमागे घेतले.

"घे म्हणते ना!"

"हात लावूचंय नाय."

धिटाईने नाही बोलले. रडत बोलले. पण बोलले ते बोलले.

"काय म्हणालीस?"

"तेका हात लावलंय तर माजो वाटो येतलो. माका तो वाटो नको."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी मला दंडाला धरून फरफटत व्हरांड्यात नेलं, घोटा खांबाला टेकवला, दोन वेढे मारले आणि वेढ्यांमध्ये गाठ आवळली. मग आत जाऊन फिलूला स्वतःच बांधलं. नव्या लुगड्यासकट. मला बाहेर खाट वाजलेली ऐकू येत होती. मग फिलू ओरडली. नेहमीसारखी नाही. काहीतरी मोडल्यासारखी.

बाईंचा विचार असा होता की गाडी दिसली की मला सोडायचं, तोंड धुऊन रांगेत उभं करायचं. दरवेळी तसंच व्हायचं. कमिटीला आमचे पाय कधी दिसायचे नाहीत. स्वच्छ लाद्या, मोगऱ्याच्या माळा आणि प्रार्थना दिसायची. हे माझ्या ध्यानात आलं आणि भीतीने पोटात कळ आली. तीच कळ. परकर भिजला त्या दिवसासारखी. त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने आवरलं होतं.

या वेळी मी आवरलं नाही.

होऊ दिलं. सगळं पायावरून, दोरीवरून, गाठीवरून. पाय हिसकत राहिले, गाठ बसत गेली. लाजेने कान तापले होते, आणि तरीही मी पाय हिसकत होते.

गाडीचा भोंगा वाजला. बाई धावत आल्या, वाकल्या, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. नखांनी ओढलं, दातांनी ओढायला गेल्या आणि वासाने मागे सरल्या. माळी कोयत्यासकट गावात. बाईंनी घोंगडी आणून माझ्या पायांवर टाकली. "तुझ्या पाया पडते, गप्प उभी राहा," म्हणाल्या. बाई माझ्या पाया पडते म्हणाल्या! मी घोंगडी दूर ढकलली.

वकील वर आले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागे साहेब. मला वाटलं, झालं. आता यांनी बघितलं. आता संपलं सगळं. खरंच वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसाने बघितल्यावर कसं राहील?

"ही का बांधलीय?"

"चावते, साहेब," बाई म्हणाल्या.

वकिलांनी नाकाला रुमाल लावला. काठीच्या टोकाने माझी हनुवटी वर केली. "दात दाखव बघू."

मी दाखवले. भीतीने दाखवले. बाजारात खोंडाचे बघतात तसे त्यांनी बघितले. "दात चांगले आहेत हो!" म्हणाले, आणि सगळे हसले. मग त्यांनी काठीने गाठ टोचून बघितली. घट्ट आहे, असं मान हलवून कबूल केलं. आणि साहेबांना म्हणाले, "नियमात बसतं. प्रश्न नाही. पण इथे दर्शनी बरं दिसत नाही. मागच्या बाजूला बांधत जा."

माझ्या आत जे काही त्यांच्याकडे आशेने बघत होतं ते तिथेच गार झालं. त्यांना दिसत नव्हतं असं नव्हतंच कधी. त्यांना दिसत होतं. दिसून चालत होतं. नियम माझ्यासाठी नव्हता. माझ्याकडे बघितल्यावरही त्यांना जेवण जावं, यासाठी तो होता.

मी म्हटलं, "तुमचोय हात लागलो."

ते वळले. "काय म्हणते?"

"काठी लावल्यात तरी हात तुमचोच. दोरयेक हात लागलो. तुमचोय वाटो आसा."

"बडबडते साहेब," बाई म्हणाल्या. सगळे पुढे गेले. पोरींनी प्रार्थना म्हटली.

मला घरी सोडलं नाही. सुधारणा नाही, असा शेरा पडला आणि मी आणखी दोन पावसाळे तिथे काढले. मागच्या बाजूला, विहिरीकडे, जिथे कमिटी येत नाही. फिलूचं उजवं मनगट वाकडंच जुळलं. पुढे तिला कुठे हलवलं ते मला कुणी सांगितलं नाही. गोवा सुटल्यावर मी हद्दीपलीकडच्या बाजारांत मासे घेऊन गेले तेव्हा तिची चौकशी केली. वाकड्या मनगटाची फिलोमिना. कुणाला माहीत नव्हती.

आता मी मोठी बाईमाणूस झाले. आईची टोपली माझ्या डोक्यावर आली. वकिलांच्या घरीही मासे देते. ते म्हातारे झालेत, आरामखुर्चीत बसून असतात. मला ओळखत नाहीत. मी मात्र त्यांची काठी कोपऱ्यात दिसली की पाय जवळ घेते. परवा त्यांची सून बांगडे निवडता निवडता म्हणाली, "मामंजी पुन्हा कमिटीवर आहेत. त्या पोरांच्या घरासाठी नवीन नियम करायचेत. मुलांना कधी बांधायचं, किती वेळ बांधायचं, ते ठरवणार. सोमवारी कचेरीत सगळे जमणार आहेत."

किती वेळ. म्हणजे बांधायचं ते ठरलंच आहे.

मला बोलावणं नाही. ज्याला बांधलं त्याला कुणी विचारत नाही, विचारतात बांधणाऱ्याला. मी सोमवारी जाणार आहे. भीत नाही असं मी म्हणणार नाही. हे सांगतानाही माझा घोटा दुखतोय. शिपाई हटकेल, टोपली बाहेर ठेव म्हणेल, कुणी नाकाला रुमाल लावील. आईसारखी मलाही गप्प बस म्हणतील. कदाचित पुन्हा लुगडं ओलं होईल. होऊ दे. गाठ भिजली की सुटत नाही, हे मला ठाऊक आहे.

रापणीत एक रीत आहे. ज्याने दोरी ओढली आणि वाटणीला हजर राहिला नाही, त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा. बुडवायचा नाही. ती दोरी वळली आम्ही पोरींनी. पण वाटा वळणाऱ्याचा नसतो, ओढणाऱ्याचा असतो. बाईंनी ओढली. साहेबांनी शांतपणे ओढली. वकिलांनी काठीने ओढली. आजवर कुणी आपला वाटा न्यायला आलं नाही.

मी पोचवणार. भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत, फिलूच्या मनगटासकट. पहिला वाटा वकिलांचा.